भावाच्या पोटातला साप

दांडियाबाजारची_ताई

नमस्कार. मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. शाळेत गणित शिकवत होते, गेल्या वर्षी 58 पूर्ण झाली आणि निवृत्त झाले. घरात मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघंच. तो 47 वर्षांचा आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याला स्किझोफ्रेनिया झाला, त्याला आता 25 वर्षं होतील. आई आणि नाना गेल्यापासून त्याचं सगळं मीच बघते.

सुरुवातीला बरीच वर्षं तो ओलान्झापिन नावाच्या गोळीवर होता. त्याने वजन 58 किलोचं 85 झालं, पण कानातले आवाज काही थांबले नाहीत. गेली सहा वर्षं क्लोझापिन ही दुसरी गोळी चालू आहे आणि त्याने खरोखर फरक पडला. आवाज जवळजवळ गेले. सकाळी दूध आणतो, पेपर वाचतो, शेजाऱ्यांचे बिघडलेले मिक्सर दुरुस्त करून देतो. बिडी होती, तीही या श्रावणात सोडली, म्हणजे आता व्यसनही नाही.

यंदा श्रावण संपता संपता तो म्हणायला लागला, "ताई, माझ्या पोटात साप आहे. वेटोळं घालून बसलाय." दोन दिवसांनी म्हणाला, "वर सरकतोय." गणपतीत उकडीचे मोदक त्याला जिवापाड आवडतात, त्याने एकाला हात लावला नाही. म्हणे साप चिडेल.

माझ्या पोटात गोळाच आला. कारण आजाराच्या पहिल्या वर्षी तो असंच म्हणायचा, की समोरच्या वाड्यातल्या लोकांनी त्याच्या दाढेत यंत्र बसवलंय. मला वाटलं, सहा वर्षांनी ते सगळं परत आलं. मी त्याच्या मनोविकारतज्ज्ञांना फोन केला. त्यांनाही तेच वाटलं. रात्रीची गोळी 300 वरून 350 करा म्हणाले. केली. तो आणखीच सुस्त झाला. साप मात्र तिथेच.

गौरी विसर्जनाच्या दिवशी दुपारी त्याला उलटी झाली. तिचा वास मी आयुष्यात विसरणार नाही, संडासासारखा होता. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. रिक्षात घालून एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरने फाईलचं पहिलं पान वाचलं आणि फाईल मिटली. "मगजनो केस छे ने, बेन? माथाना डॉक्टरने बतावो." मी सांगत होते की उलटी बघा, पोट बघा. भाऊ स्ट्रेचरवर पडून "साप घशाशी आलाय" म्हणत होता आणि त्याच्या त्या वाक्याने माझं म्हणणं दर वेळी खोडलं जात होतं. पाच तास आम्ही तिथे बसून होतो.

शेवटी रात्रपाळीची सिस्टर आली. तिने काही विचारलं नाही. चादर बाजूला केली आणि त्याच्या पोटावर तळहात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "बेन, आ तो पथ्थर जेवुं छे." तिने सर्जनला बोलावून आणलं. एक्स-रे काढला. मोठं आतडं शेवटपासून वरपर्यंत मळाने भरलेलं होतं, अक्षरशः दगड झालेला. किती दिवस शौचाला झालं नाही, असं सर्जनने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "अकरा दिवस. पण कुणी विचारलं कुठे?"

नाकातून नळी, एनिमा, हाताने मळ काढणं, सलाइन, असे सहा दिवस गेले. ऑपरेशन टळलं. सर्जन म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर आतडं फुटलं असतं.

तिथेच कळलं की त्याला डायबेटिस आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीए1सी, 8.4. आता एक गोष्ट सांगते जी मला झोपू देत नाही. क्लोझापिनमुळे पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला आणि नंतर दर महिन्याला त्याचं रक्त तपासलं जातं. मी मोजलं. सहा वर्षांत 86 वेळा त्याच्या दंडात सुई गेली आहे. लॅबवाल्या मुलाने मला सांगितलं की ज्या जांभळ्या बुचाच्या नळीत पेशींसाठी रक्त घेतात, त्याच नळीतल्या रक्तावर एचबीए1सी पण होते. 86 नळ्या. एकाही कागदावर कुणी साखर लिहिली नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता माझा प्रश्न. अशा माणसाच्या शरीराचं काय काय आणि किती दिवसांनी बघून घ्यायला हवं? पुढच्या वेळी तो असं काही विचित्र बोलला, तर ते आजाराचं बोलणं की शरीराचं, हे माझ्यासारखीने ओळखायचं कसं? आणि हे सगळं बघायचं कुणी? मनोविकारतज्ज्ञ म्हणतात फिजिशियनला दाखवा, फिजिशियन म्हणतात आधी त्यांना विचारा.

डॉक्टरकाका_कारेलीबाग

ताई, मी फिजिशियन आहे, 34 वर्षं प्रॅक्टिस केली, आता कमी केली आहे. तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्या सिस्टरने जे केलं ते पहिल्या पाच मिनिटांत डॉक्टरने करायला हवं होतं.

आधी आतड्याचं. क्लोझापिन आतड्याची हालचाल मंद करतं. कित्येकांना रात्री उशी भिजेपर्यंत लाळ गळते आणि त्याच वेळी पोट मात्र बंद पडलेलं असतं. पांढऱ्या पेशींची भीती सगळ्यांना ठाऊक आहे, कारण तिच्यासाठी तपासणीचा नियम आहे. आतड्यासाठी असा नियम नाही, म्हणून ते मागे राहतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी 2020 मध्ये क्लोझापिनच्या बद्धकोष्ठाबद्दलचा इशारा मुद्दाम अधिक कडक केला, कारण त्यातून माणसं दगावली आहेत. हातपाय थरथरू नयेत म्हणून ट्रायहेक्सीफेनिडिल नावाची गोळीही चालू असेल तर बघा, तीही पोट बांधते. ती अजून लागते का, हे मनोविकारतज्ज्ञांना विचारा.

आपल्याकडे पोट साफ होत नाही म्हटलं की इसबगोल. इसबगोलाची पेठ उंझा-सिद्धपूर आपल्याच गुजरातेत, घरोघरी डबा असतो. इथे मात्र तो नको. आतडं ढकलतच नसेल तर इसबगोलाने आतला गोळा आणखी मोठा होतो. सनाय किंवा मॅक्रोगोलसारखं, आतड्याला ढकलणारं आणि मळ पातळ ठेवणारं औषध डॉक्टरच्या सल्ल्याने रोज चालू ठेवावं लागतं. रोज विचारा, संडास झाली का? दोन दिवस नाही झाली तर फोन. पोट फुगलं, दुखलं किंवा उलटी झाली तर फोन नाही, थेट हॉस्पिटल.

आता बाकीचं शरीर. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी जातात. लोकांना वाटतं आत्महत्येमुळे. त्याही होतात, पण बहुतेक मृत्यू हृदयविकार, डायबेटिस, फुप्फुसाचे आजार अशा रोजच्या, वेळेत सापडले तर आवरता येणाऱ्या गोष्टींनी होतात. ओलान्झापिन आणि क्लोझापिन या दोन औषधांनी भूक वाढते, वजन, साखर आणि रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड चढतं. पण सगळा दोष औषधाचा नाही. मनोविकारावरची पहिली खरी परिणामकारक गोळी 1952 च्या सुमारास आली, आणि त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की वेड आणि मधुमेह एकाच घरात पुष्कळदा सापडतात. आजारात शरीर सतत ताणाखाली असतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढलेलं राहतं, झोप मोडते, इन्सुलिन नीट लागू पडत नाही, अंगात बारीक दाह धुमसत राहतो. त्यात माणूस घराबाहेर पडत नाही, दात घासत नाही, तंबाखू ओढतो, आणि छातीत दुखलं तरी सांगत नाही किंवा सांगितलं तर कुणी ऐकत नाही.

वजन दर महिन्याला घरीच. कमरेचा घेर टेपने, बेंबीच्या पातळीवर. आपल्या लोकांत पुरुषाला 90 सेंटीमीटर आणि बाईला 80 च्या वर गेला की धोका धरायचा. रक्तदाब दर भेटीला. त्याला डायबेटिस निघाला आहे, तर एचबीए1सी दर तीन महिन्यांनी, आणि वर्षातून एकदा कोलेस्टेरॉल, किडनी, डोळ्याचा पडदा, तळपाय आणि दात. मेटफॉर्मिन चालू केलं असेलच. त्याने साखर उतरते आणि या औषधांनी चढलेलं वजनही काही जणांत थोडं कमी होतं.

हे बघायचं कुणी? एक फिजिशियन ठरवून टाका आणि दोन्ही डॉक्टरांच्या हातात एकच फाईल जाऊ द्या. आणि फाईलच्या पहिल्या पानावर आजाराचं नाव लिहू नका. तिथे लिहा: "क्लोझापिन चालू, डोस अमुक. आतडं बंद पडण्याचा पूर्वेतिहास. डायबेटिस. पोटाची तक्रार केल्यास आधी पोट तपासावं."

साप ओळखायचा कसा, हे तुम्ही विचारलंत. मी म्हणेन ओळखायचा प्रयत्नच करू नका. त्याने शरीराबद्दल काहीही नवं सांगितलं, कितीही विचित्र शब्दांत, तर आधी शरीर बघायचं. ताप, नाडी, रक्तदाब, साखर, पोटावर हात. तिथे काही नाही निघालं तर मग मनाकडे वळायचं. उलट क्रमाने गेलात तर अकरा दिवस जातात.

एक विचारायचं राहिलं. बिडी सोडल्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंय. किती ओढायचा आणि नक्की केव्हा सोडली?

स्वस्थ_भव

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे सगळं त्या गोळ्यांनीच केलं आहे. वजन त्यांनी वाढवलं, डायबेटिस त्यांनी दिला, आतडं त्यांनी बंद केलं. माझ्या ओळखीतल्या एकाने सगळ्या गोळ्या बंद करून फक्त प्राणायाम आणि सात्त्विक आहार सुरू केला, आज तो ठणठणीत आहे. मन खंबीर असेल तर शरीराला काही होत नाही. थोडा विचार करा.

मांजलपूरकर

वर जे लिहिलंय ते मला 2011 साली एका लग्नात असंच, असंच प्रेमाने सांगितलं गेलं होतं. मला बायपोलर आहे, म्हणजे कधी उन्माद तर कधी उदासी, 19 वर्षं लिथियमच्या गोळीवर आहे. मी गोळ्या बंद केल्या. सातव्या आठवड्यात मी तीन रात्री न झोपता घराचं फर्निचर रस्त्यावर वाटत होतो. बायको मुलाला घेऊन माहेरी गेली, ती परत यायला दीड वर्ष लागलं. ताई, प्राणायाम जरूर करू द्या, मीही करतो. पण गोळी कमी करायची की नाही हे लिहून देणाऱ्यानेच ठरवू द्या. क्लोझापिन एकाएकी बंद केलं तर आजार पूर्वीपेक्षा जोरात उलटतो.

तुमच्या भावाचं वाचून हात थरथरले, कारण मी त्याच स्ट्रेचरवर पडून आलोय.

2018 चा मे. बडोद्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. गुडघा धरला म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली, डायक्लोफेनॅक, दिवसाला दोन, आठवडाभर. घाम धो धो, पाणी कमी, आणि ब्लड प्रेशरसाठी म्हणून मीठ मी मनानेच बंद केलेलं. लिथियम म्हणजे एक क्षारच. अंगात पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी ते बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही तेच होतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आधी हात थरथरायला लागले, चहाचा कप बशीवर वाजायचा. मग जीभ जड. मग चालताना तोल जाईना... म्हणजे सावरताच येईना. एका संध्याकाळी मांजलपूरच्या रस्त्यावर, भाजीच्या लारीपाशी पडलो. आपल्या दारूबंदीच्या गुजरातेत भर रस्त्यात झोकांड्या खाणारा माणूस म्हणजे "पीधेलो", प्यायलेला. कुणी उचलायला येईना. एकाने व्हिडिओ काढला. हॉस्पिटलात आधी तोंडाचा वास घेतला, मग फाईल बघितली आणि म्हणाले, मानसिक आहे, अॅटॅक आला असेल. रक्तातलं लिथियम तपासा असं माझ्या 14 वर्षांच्या मुलाने सांगितलं, कारण त्याने गोळ्यांच्या पाकिटातला बारीक अक्षरातला कागद वाचला होता. 2.3 आलं. माझं नेहमी 0.7 असतं. पुढे डायलिसिसपर्यंत गेलं.

त्यानंतर मी हे शिकलो: लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी रक्त देऊनच तपासायची, नाहीतर आकडा फसवा. किडनी आणि थायरॉइड दर सहा महिन्यांनी. दुखलं तर पॅरासिटामॉल. जुलाब-उलटी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन. एकादशी मी करतो, पण निर्जळी नाही.

थायरॉइडचंही सांगतो. त्याआधी एक वर्ष मी नुसता पडून असायचो. अंग जड, थंडी वाजायची, बद्धकोष्ठ. सगळे म्हणाले डिप्रेशन आलंय, आणखी एक गोळी वाढवली. शेवटी टीएसएच तपासलं तर थायरॉइड बंद पडलेलं होतं, लिथियममुळे. थायरॉक्सिन सुरू केलं आणि दोन महिन्यांत मी परत सायकल चालवत कमाटी बागेत जायला लागलो. म्हणजे तुमच्या घरी शरीराचं दुखणं भ्रमात जमा झालं, माझ्याकडे उदासीत. एकदा कपाळावर शिक्का बसला की खालचं काही दिसतच नाही लोकांना.

दांडियाबाजारची_ताई

डॉक्टरकाका, तुमचा बिडीचा प्रश्न वाचून मी कॅलेंडर काढलं.

तो रोज एक जुडी संपवायचा, कधी त्याहून जास्त. बोटं पिवळी, मिशीचे केस पिवळे. पहिल्या श्रावणी सोमवारी मी त्याला आईच्या फोटोसमोर बसवलं आणि म्हटलं, मला ओवाळणी म्हणून एवढं दे, राखीपौर्णिमेपर्यंत थांबू नकोस, आजच दे. त्याने खिशातली जुडी काढून माझ्या हातात ठेवली. त्या दिवसापासून एकही ओढली नाही. 20 वर्षांचं व्यसन, एका दिवसात. मी सगळ्या आळीला सांगत होते.

साप आला तो त्यानंतर साधारण साडेतीन आठवड्यांनी. मला तुमच्या प्रश्नाचा अर्थ नीट कळत नाहीये आणि थोडा थोडा कळतोही आहे. माझ्यामुळे झालं का हे?

मांजलपूरकर, तुमच्या मुलाला माझा आशीर्वाद सांगा. तुम्ही पडलात तेव्हा उचलायला कुणी आलं नाही, हे वाचून मला माझ्याच गावाची लाज वाटली. आम्हीही कुणाला असं पडलेलं बघून बाजूने गेलो असू.

डॉक्टरकाका_कारेलीबाग

ताई, नाही. बिडी सोडवलीत ते बरोबरच केलंत. त्याच्या हृदयासाठी याहून मोठं काम कुठलंही औषध करणार नाही.

पण हे माहीत असायला हवं. तंबाखूच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृतातलं एक एन्झाइम जोरात काम करतं आणि क्लोझापिन लवकर संपवतं. ओलान्झापिनचंही तसंच. म्हणून बिडी ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. बिडी थांबली की एका आठवड्याच्या आतच ते एन्झाइम मंदावतं आणि तीच 300 ची गोळी रक्तात दीडपट, कधी त्याहून जास्त होऊन बसते. ही धुराची करामत आहे, निकोटिनची नाही. म्हणून तंबाखू खाणाऱ्याला हे होत नाही. त्याचा डोस सोडतेवेळीच हळूहळू उतरवायला हवा होता. तो तसाच राहिला, आणि वर 50 वाढला. सुस्ती आणि आतडं, दोन्हीचं उत्तर बहुधा तिथे आहे.

घाबरून त्याला परत बिडी देऊ नका. मनोविकारतज्ज्ञांना तारखेसकट लेखी कळवा आणि रक्तातली क्लोझापिनची पातळी करता येईल का विचारा. पुढे कधी जोराचा ताप किंवा न्यूमोनिया झाला तरी ही पातळी चढते, तेव्हाही कळवायचं. ज्यांच्या घरी कुणी या औषधांवर आहे आणि बिडी-सिगारेट सोडणार आहे, त्यांनी सोडण्याच्या आधी डॉक्टरला सांगावं. हा धागा वाचणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी लक्षात ठेवा.

वाघोडियारोडची_सून

मी विम्याच्या ऑफिसात काम करते, म्हणून कायद्याचं तेवढं सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा आहे आणि 29 मे 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 21 प्रमाणे मानसिक आजार असलेल्या माणसाला इतर रुग्णांच्या बरोबरीने वागवलं पाहिजे, आणि आरोग्य विम्यातही त्याच धर्तीवर सोय असली पाहिजे. ताई, कॅज्युअल्टीत परत कुणी फाईल मिटली तर कलमाचा आकडा शांतपणे सांगा आणि "तपासणार नाही हे केसपेपरवर लिहून द्या" एवढंच म्हणा. माझ्या आत्तेसासूबाईंच्या वेळी आम्ही हे केलं. लिहून द्यायची वेळ आली नाही, तपासलं.

आणि आमच्या घरी हे उलट्या बाजूनेही झालंय. सासऱ्यांना हार्ट अॅटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, रिपोर्ट सगळे छान. पण ते बोलेनात. पहाटे तीनला उठून खुर्चीत बसायचे. गोळ्या उशीखाली सापडायला लागल्या. आम्ही म्हणायचो, एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलेत, होणारच. चार महिन्यांनी दुसरा अॅटॅक. तेव्हा एका डॉक्टरने पहिल्यांदा विचारलं की यांना जगावंसं वाटतं का, हे तुम्ही विचारलंत का? हार्ट अॅटॅकनंतर डिप्रेशन आलं तर पुढचा धोका वाढतो, हे अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2014 मध्ये स्पष्ट मांडलेलं आहे. हृदयाला चालेल अशी डिप्रेशनची गोळी सुरू केली. सहा आठवड्यांनी ते स्वतःहून म्हणाले, सूनबाई, रविवारी शेव-उसळ आणायची का? आणली. डॉक्टरने काय म्हटलं असतं माहीत नाही, पण आणली.

कुणाला रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे.

दांडियाबाजारची_ताई

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, तर पुढे काय झालं ते कळवायला हवं.

तारखा लिहून मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी कागद वाचला, बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, बिडीचं मी विचारायला हवं होतं. असं म्हणणारे डॉक्टर थोडे असतात, माझा राग तिथेच निवळला. डोस टप्प्याटप्प्याने 225 वर आणलाय. ट्रायहेक्सीफेनिडिल बंद केलं. फिजिशियन ठरवला. पहिलं पान काकांनी सांगितलं तसंच लिहिलं, मराठीत नाही, गुजरातीत आणि इंग्रजीत, मोठ्या अक्षरात. आता दर महिन्याच्या सुईबरोबर काय काय तपासायचं त्याची यादी मीच घेऊन जाते.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तो रोज सकाळी स्वतः लाल पेन्सिलीने खूण करतो. झाली तर टिक, नाही झाली तर गोल. मला वाटलं होतं त्याला अपमान वाटेल. तसं काही नाही. गोल करायची वेळ आली की हाक मारून सांगतो, "ताई, आज गोल." संध्याकाळी सुरसागर तलावाला एक फेरी मारतो आम्ही. पहिल्या आठवड्यात दोनदा बसावं लागायचं, आता एकदा. वजन 91 होतं, 89 आहे.

परवा तिथल्या कठड्यावर बसलो असताना मी धीर करून विचारलं, सापाचं काय रे? तो तलावातल्या महादेवाच्या मूर्तीकडे बघत म्हणाला, "साप नसेलही. पण आत काहीतरी वळवळत होतं आणि वर येत होतं. मग मी दुसरं काय म्हणायचं होतं?" मला काही बोलता आलं नाही. त्याने खिशातून शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले.

आणि काल रात्री झोपताना म्हणाला, "ताई, टाचेत कुणीतरी खिळा ठोकतंय." मी दिवा लावला, चष्मा लावला आणि त्याचा पाय मांडीवर घेतला. टाचेला भेग आहे, बोटाच्या पेरा एवढी, आणि तिच्या तळाशी खरोखरच काहीतरी काळं रुतलेलं आहे. काटा असेल नाहीतर काचेचा कण. कडा लाल झाल्या आहेत. साखर आहे, म्हणून मी सुईने कोरलं नाही, साध्या पाण्याने धुऊन स्वच्छ फडकं बांधलं. साडेनऊला दवाखाना उघडतो, पहिला नंबर लावलाय.